पॉवर सीट कधी चालते, कधी नाही : बिघाड मुळापर्यंत कसा शोधायचा

एक डॉक्टरबाई आणि त्यांचे यजमान, दोघे मिळून एकच गाडी चालवतात. बाई जेमतेम पाच फूट, यजमान सहा फूट. त्यामुळे ड्रायव्हरची सीट दिवसातून दोनदा तरी पार पुढे आणि पार मागे जाते. ऐन पावसाळ्यात एका रात्री त्यांना हॉस्पिटलमधून फोन आला. बाई गाडीत बसल्या, स्विच दाबला, आणि सीट जागची हलेना. आवाजही नाही. ब्रेकवर पाय टेकत होता, पण दाबायला जोर मिळत नव्हता. पाठीशी उशी घेऊन गाडी काढायचा विचार त्यांनी सोडला आणि रिक्षा बोलावली. फार योग्य केलं. ब्रेक पूर्ण दाबता येत नसेल तर गाडी फाटकाबाहेर काढूच नये.

पॉवर सीट, म्हणजे स्विच दाबून मोटारीने सरकणारी सीट, ही चैन, बंद पडली तर पडली, असं बऱ्याच जणांना वाटतं. म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

माझ्याकडे येण्याआधी ती गाडी दोन ठिकाणी जाऊन आली होती. एकाने फ्यूज बदलला. दहा दिवस चाललं, पुन्हा बंद. दुसऱ्याने अख्खा स्विच बदलला. तीन आठवडे चाललं, पुन्हा बंद. मग मल्टिमीटर लावून सांगितलं, "सीटखाली बारा व्होल्ट येतायत, म्हणजे वायरिंग चांगलं आहे, मोटार गेली. रेलसकट पूर्ण सेट बदलावा लागेल." मोटार मात्र अगदी ठणठणीत होती. हे "बारा व्होल्ट येतायत म्हणजे वायरिंग चांगलं" वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि त्यापायी लोकांचे हजारो रुपये गेलेले पाहतोय. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी स्विच दाबून नीट बघा, ऐका

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं निरीक्षण करा. त्यासाठी स्विच आतून कसा चालतो ते थोडं समजून घ्यावं लागेल.

सीटच्या प्रत्येक हालचालीला एक छोटी डीसी मोटार असते. पुढे-मागे सरकायला एक, पाठ आडवी करायला एक, उंचीला एक किंवा दोन. ज्याला "आठ दिशांची सीट" म्हणतात तिच्यात चार मोटारी असतात, प्रत्येक दोन्ही बाजूंना फिरणारी. मोटारीला दोनच वायर. साध्या, म्हणजे मेमरी नसलेल्या सीटमध्ये स्विच मोकळा असताना या दोन्ही वायर स्विचच्या आतून अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या मायनसला, जोडलेल्या असतात. तुम्ही स्विच पुढे ढकलला की एक वायर अर्थवरून उचलली जाऊन प्लसला लागते, दुसरी अर्थवरच राहते. मागे ओढला की अदलाबदल. प्लस-मायनस उलटे झाले की मोटार उलटी फिरते. इतकं साधं आहे.

यावरून बरंच काही बसल्या जागी कळतं. सगळ्याच हालचाली एकदम बंद असतील तर चार मोटारी एकाच दिवशी जळत नाहीत, दोष सगळ्यांच्या सामायिक वाटेवर आहे : फ्यूज, मुख्य प्लस वायर, अर्थ, किंवा सीटखालचा मोठा कपलर (वायरींना वायर जोडणारा प्लग). एकच हालचाल दोन्ही दिशांनी बंद असेल तर ती मोटार, तिच्या दोन वायर किंवा तिचा छोटा कपलर. आणि एकच हालचाल एकाच दिशेने बंद, म्हणजे सीट पुढे जाते पण मागे येत नाही, असं असेल तर मोटार आणि वायर दोन्ही निर्दोष, कारण त्याच दोन वायरवरून ती उलटी फिरतेच आहे. तिथे स्विचमधला एक पॉइंट, म्हणजे आतला धातूचा संपर्क, काळा पडलेला असतो. सीट ज्यावर सरकते त्या रेलमध्ये काही अडकलं नाही ना, एवढं मात्र आधी बघा.

आता ऐका. मोटार घूं-घूं फिरतेय पण सीट हलत नाही, तर इलेक्ट्रिकल काम संपलं : गिअर किंवा लवचीक शाफ्ट घसरतोय. नुसता "टक्" असा आवाज येऊन थांबते, तर एकतर यांत्रिक अडकण आहे किंवा मोटारीला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. पूर्ण शांतता असेल तर गाडीतला दिवा बघा. तो साधा बल्बचा असेल (एलईडीत हे नीट कळत नाही) आणि इंजिन बंद असताना स्विच दाबल्यावर किंचित मंद होत असेल, तर करंट वाहतोय, मोटार जाम आहे. अजिबात फरक पडत नसेल तर वाट कुठेतरी तुटलेली किंवा खूप कमकुवत आहे.

आणखी एक लक्षण फसवं असतं. सीट थोडी चालते, बंद पडते, पाच-दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा चालते. हे लूज कनेक्शन नसतं बऱ्याचदा. पुष्कळ मोटारींमध्ये, काही गाड्यांत सर्किटमध्येच, गरम झालं की तोडणारा आणि थंड झालं की जोडणारा कटआऊट असतो. मोटारीवर ताण जास्त येतोय, ती तापतेय, कटआऊट आपलं काम करतोय. अशा वेळी बॅटरीवर चालणारा टॉर्च घेऊन रेल बघा. मला रेलमध्ये नाणी, पेनाची टोपणं, खारे शेंगदाणे आणि एकदा लहान मुलाच्या पैंजणाचा तुकडा सापडला आहे.

बारा व्होल्ट दिसतात, तरी मोटार फिरत नाही

आता मूळ मुद्दा. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण १० मेगाओहम (एक कोटी ओहम) असतो. म्हणजे व्होल्टेज मोजताना तो सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, एका मायक्रोअँपिअरच्या आसपास. वायर गंजून तिचे सगळे तंतू तुटले आणि एकच केसाएवढा तंतू उरला, तरी एवढ्याशा करंटला तो पुरतो. मीटर खुशाल १२.४ दाखवतो. तो खोटं बोलत नाही, पण तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारलाय. नळ बंद असताना पाइपातला दाब मोजून टाकीतून पाणी भरपूर येतंय म्हणणं, तसलाच हा प्रकार.

सीटची मोटार चालताना काही अँपिअर घेते. समजा ८ घेतेय. वाटेत कुठे अर्ध्या ओहमचा गंज असेल तर ०.५ गुणिले ८, म्हणजे ४ व्होल्ट त्या गंजातच खर्च झाले. मोटारीला उरले आठ. सुरू होताना मोटार याहून बरंच जास्त ओढते, तेव्हा तर ती उठतच नाही. आणि अर्धा ओहम मल्टिमीटरने मोजायला गेलात तर त्याच्या स्वतःच्या वायरींचाच तेवढा रोध दिसतो. म्हणून ओहमच्या रेंजवर हा दोष शोधू नका. चालू करंटखाली शोधा.

मी दोन पद्धती वापरतो.

पहिली, जुना हेडलाइट बल्ब. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो. त्याला दोन वायर सोल्डर करून ठेवा. सीटखालच्या कपलरच्या प्लस आणि अर्थ पिनांमध्ये तो लावा. वाट चांगली असेल तर बल्ब पांढरा झगझगीत पेटतो, खराब असेल तर पिवळट, निखाऱ्यासारखा. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब अनेक जण वापरतात, पण तो पावणेदोन अँपिअरच घेतो. अर्ध्या-पाऊण ओहमचा दोष त्याच्या प्रकाशात डोळ्यांना कळत नाही. हेडलाइटचा बल्ब मात्र चांगलाच तापतो. तो कार्पेटवर किंवा सीटच्या कापडावर ठेवू नका, हातात सांडशीने धरा.

दुसरी पद्धत व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खर्च होतात ते मोजायची, आणि तीच निर्णायक. मीटरच्या काळ्या प्रोबला तीन मीटर वायर जोडून ती थेट बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर लावा. लाल प्रोब सीटच्या अर्थ वायरवर, कपलर जोडलेलाच ठेवून, मागच्या बाजूने बारीक पिन घालून. आता दुसऱ्या माणसाला स्विच दाबायला सांगा. चांगल्या अर्थवर ०.२ व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे. डॉक्टरबाईंच्या गाडीत स्विच मोकळा असताना ०.०१ होतं, स्विच दाबल्याबरोबर ४.६ वर उडी. दोष सीटच्या अर्थमध्ये होता, आणि आधीच्या दुसऱ्या मेकॅनिकने मोजलेलं ते "बारा व्होल्ट" स्विच न दाबता मोजलेलं होतं.

प्लसच्या बाजूनेही असंच करा : लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा सीटच्या प्लस पिनवर, स्विच दाबून. मध्ये फ्यूज आणि लांब वायर असल्याने इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. कोणत्याही बाजूला पूर्ण बारा व्होल्ट दिसले तर ती बाजू सरळ तुटलेलीच आहे. दोन्ही बाजूंना शून्य आणि मोटार गप्प, तर करंट वाहतच नाहीये : दोष पुढे, स्विचमध्ये किंवा मोटारीत. मग मोटारीचा कपलर काढून तिला बॅटरीवरून थेट करंट द्या, पण मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज घातलेल्या वायरनेच. फिरली तर स्विच बघा. करंट मोजायचा असेल तर क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा आहे ना ते तपासा. बाजारातले स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि डीसीवर शून्य दाखवतात. त्यावरून मोटार मेली असं ठरवलेलं मी पाहिलंय. आणि नुसत्या आकड्यापेक्षा तुलना उपयोगी. शेजारची सीटही पॉवरवर असेल तर तिची तीच मोटार मोजा.

एक सवय सोडा : पिनांच्या तोंडात मीटरचा जाड प्रोब खुपसणं. मादी पिन त्याने फाकते, पुन्हा नर पिनेला घट्ट धरत नाही, आणि जो दोष नव्हता तो तुम्ही तयार करता. महिन्याभराने गाडी परत येते.

पिवळ्या कपलरला हात लावण्याआधी

सीटखाली पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळी टेप गुंडाळलेली वायर असते. ती साइड एअरबॅगची किंवा सीट बेल्ट ओढून धरणाऱ्या यंत्रणेची. तिच्यात स्फोटक पूड असते, हे विसरू नका. वर सांगितलेली सगळी मोजणी पिवळा कपलर न उघडता होते, तशीच करा. त्या वायरवर मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, काहीही लावायचं नाही. मीटर ओहम मोजताना स्वतःचा करंट सोडतो, आणि त्याने एअरबॅग उडण्याचा धोका असतो.

सीट बाहेर काढायचीच असेल तर इग्निशन बंद, बॅटरीचा मायनस काढा आणि थांबा. किती थांबायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. मी सरसकट दहा मिनिटं थांबतो, तेवढ्यात चहा होतो. पिवळा कपलर उघडा असताना इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर (गाडीतल्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावल्याशिवाय बऱ्याच गाड्यांत तो जात नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत सीटच्या आसपास नारिंगी केबल दिसली तर काम तिथेच थांबवून त्या गाड्यांचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे द्या.

सीट मागेच अडकली असेल तर मागचे बोल्ट हाती लागत नाहीत. अशा वेळी बॅटरी काढण्याआधी सरकवण्याच्या मोटारीला थेट करंट देऊन सीट पुढे आणून घ्यावी.

अर्थ सापडला, पण पाणी आलं कुठून?

डॉक्टरबाईंच्या गाडीत सीटची अर्थ वायर दाराच्या उंबऱ्याजवळ, कार्पेटखाली, बॉडीला बोल्टने लावलेली होती. उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी काढली, कार्पेट उचललं, तर हाताला गार लागलं. रिंग हिरवट, बोल्टभोवती तांबडा गंज. फ्यूज किंवा स्विच बदलल्यावर सीट काही दिवस का चालायची तेही कळलं. दोन्ही वेळा कोणीतरी कार्पेट ओढलं होतं, रिंग जरा हलली, गंजात तात्पुरता टेका मिळाला. श्रेय गेलं नव्या स्विचला.

मी रिंग कापली, वायर सोलली, तर आतलं तांबं काळं. पाणी तंतूंमधून वायरीच्या आत चढतं. त्यामुळे तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे कापत जायचं. मला दोन इंच कापावं लागलं. नवी रिंग नीट क्रिम्प केली, म्हणजे पकडीने दाबून वायरीवर बसवली, बॉडीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट घट्ट केला आणि त्यानंतर वरून व्हॅसलीनचा थर दिला. क्रम महत्त्वाचा : आधी धातूला धातू, मग वरून आवरण. व्होल्टेज ड्रॉप ४.६ वरून ०.०८ वर आला. काम झालं म्हणून गाडी दिली.

दोन महिन्यांनी, गणपतीच्या सुमारास, गाडी परत. ड्रॉप पुन्हा १.३. चूक माझी होती. मी अर्थ दुरुस्त केला, पण ओल कुठून आली ते शोधलं नाही.

या वेळी पाणी शोधलं. गाडीला सनरूफ आहे आणि ती घराबाहेर आंब्याखाली उभी असते. सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात. पुढच्या दोन काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात. सनरूफच्या कडेने आत येणारं पाणी त्या वाहून नेतात, कारण सनरूफचं रबर पूर्ण पाणीबंद नसतंच, ते थोडं पाणी आत येणार हे धरूनच बनवलेलं असतं. ड्रायव्हरच्या बाजूची नळी आंब्याच्या मोहोराच्या आणि पानांच्या लगद्याने बुजली होती. पाणी खांबाच्या आतून थेट कार्पेटखाली. वरून कार्पेट कोरडं, खाली फोमचा थर भिजलेला, आणि तो फोम कोकणच्या पावसाळ्यात आपणहून कधीच वाळत नाही.

नळी साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी उत्तम. टोक घासून गोल करा आणि हलक्या हाताने घाला. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका. नळी खांबाच्या आत जोडापासून सुटली तर छताचं अस्तर उतरवावं लागेल. साफ झाली की कोपऱ्यात कपभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडताना डोळ्यांनी बघा. सनरूफ नसेल तर दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा सुटलाय का बघा. डाव्या बाजूचं कार्पेट ओलं असेल तर आधी एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तपासा.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक चिवट. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीतली सीट धुऊन वाळवल्यावर चालते, सहा महिने चालते, आणि मग एकेक हालचाल बंद पडत जाते. कपलरच्या आत गाळ आणि क्षार राहिलेले असतात, दमट हवा लागली की ते काम सुरू करतात. जुनी गाडी घेताना सीट पुढे-मागे करून बघण्याबरोबरच सीटखालचा एक कपलर उघडून बघा. पिवळा सोडून. पिनांवर हिरवी भुकटी दिसली तर विक्रेत्याला प्रश्न विचारा.

वायर हलते, म्हणून तुटते

सगळा दोष पाण्याचा नसतो. सीटखालचं वायरिंग सीटबरोबर सरकतं. क्लिप निसटली की वायर रेलच्या धारेवर घासते, आणि मग सीट एका ठराविक जागीच बंद पडते किंवा त्याच जागी फ्यूज उडतो. "कुठे बंद पडते?" हा प्रश्न गिऱ्हाइकाला जरूर विचारा. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. ३० अँपिअरच्या जागी ४० घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, तीही तुम्ही बसता त्याच्या खाली.

या हलत्या भागात मी सोल्डर टाळतो. सोल्डर झालेला तुकडा कडक होतो आणि वायर त्याच्या कडेला वाकून वाकून तिथेच तुटते. चांगला क्रिम्प जोड, वर आतून डिंक असलेली श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), आणि जोड अशा ठिकाणी घ्यायचा जिथे वायर वाकत नाही. दोन-तीन वायर जोडायच्या असतील तर जोड एकासमोर एक न घेता मागे-पुढे घ्या. शेवटी सीट दोन्ही टोकांना नेऊन वायर कुठे ताणली जात नाही ना, ते खाली वाकून बघा. उंदराने कुरतडलेल्या वायरलाही हेच.

मेमरी सीटमध्ये मात्र थोडं सावध राहा. तिथे स्विच मोटारीला थेट करंट देत नाही; तो मॉड्यूलला (सीटच्या छोट्या कॉम्प्युटरला) सांगतो, मॉड्यूल मोटार चालवतो आणि मोटारीतल्या सेन्सरचे पल्स मोजून सीट कुठे आहे ते लक्षात ठेवतो. पल्स मिळाले नाहीत तर मॉड्यूल मोटार थोडी फिरवून थांबवतो. प्रत्येक दाबाला सीट इंचभर सरकून थांबत असेल तर मोटार नाही, सेन्सर किंवा त्याची वायर बघा. इथे स्कॅनर लागतोच, पण मॉड्यूलचा प्लस आणि अर्थ व्होल्टेज ड्रॉपने तपासल्याशिवाय मॉड्यूल बदलायला होकार देऊ नका. बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांत सीट दोन्ही टोकांपर्यंत नेऊन स्विच थोडा वेळ दाबून धरावा लागतो, तेव्हा तिला आपली जागा पुन्हा कळते. ती पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल.

डॉक्टरबाईंच्या गाडीचं कार्पेट पूर्ण काढून, फोम वेगळा करून, तीन दिवस पंख्याखाली वाळवला. अर्थ पुन्हा बनवला, या वेळी त्याच पट्ट्यात पण वरच्या अंगाला, जिथे पाणी साचत नाही अशा बॉडीच्या बोल्टवर. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी टेपवर तारीख आणि "सीट अर्थ, स्विच दाबून, ०.०७ व्होल्ट" असं लिहून ठेवलं. पुढचा पावसाळा संपल्यावर गाडी सर्व्हिसला आली तेव्हा पुन्हा मोजलं : ०.०८. तोही आकडा खाली लिहिला आहे, म्हणजे पुढे जो कोणी ते झाकण उघडेल त्याला तुलना करता येईल.